जोडलेल्या रेषा

पडद्यावर दोन रस्ते एकमेकांना भिडलेले दिसतात, तरी संगणकाच्या हिशेबी ते तुटलेले असू शकतात. ओपनस्ट्रीटमॅप या, कोणालाही दुरुस्त करता येणाऱ्या इंटरनेटवरच्या नकाशावर रस्ता म्हणजे ओळीने जोडलेले बिंदू. दोन रस्त्यांत एक बिंदू सामाईक असेल, तरच ते जोडलेले. तो नसेल तर मार्ग सांगणारं सॉफ्टवेअर त्या तिठ्यावर वळतच नाही. हाकेच्या अंतरावरच्या घरासाठी गावाबाहेरून फेरा घालायला लावतं. हे एकदा उमगलं की नकाशा दुरुस्त करण्याची निम्मी विद्या हाती आली, असं वाईत वाढलेली भूगोलाची एक शिक्षिका मानते. तिच्या हाताखाली नकाशाची रूपं पालटत गेली. रेषेबद्दलचा तिचा आग्रह मात्र शाळेपासूनचा आहे.

शाळेत नकाशा म्हणजे छापील आराखडा आणि टोक केलेली पेन्सिल. कृष्णा काढायची ती महाबळेश्वरापासून, आणि हात थेट बंगालच्या उपसागरापर्यंत न्यायचा. उगमाकडून मुखाकडे, उलट नाही. शाळेतल्या बाईंनी लावलेली ती शिस्त महाविद्यालयात टोपोशीट समोर आली तेव्हा उपयोगी पडली. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा तो कागद. त्यावरचे 2 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा, निळं पाणी, तांबडे रस्ते. वर ट्रेसिंग पेपर टाचून शाईने गिरवायचं आणि रेष चुकली तर ब्लेडच्या कडेने अलगद खरवडायची. फार खरवडलं की कागद विरतो, म्हणून मुली आधी नीट बघत आणि मगच पेन टेकवत.

पडद्यावर खोडणं फुकट असतं. म्हणूनच तिथे बघण्याची सवय जास्त जपावी लागते.

स्टीव्ह कोस्ट यांनी 2004 मध्ये ब्रिटनमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. त्याच्या संपादनासाठी जावा भाषेतलं जेओएसएम हे मोफत सॉफ्टवेअर पुढच्याच वर्षी इमॅन्युएल शोल्झ यांनी लिहायला घेतलं. या शिक्षिकेची जेओएसएमशी गाठ पडली नेपाळमुळे. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर जगभरचे हजारो लोक घरबसल्या उपग्रहचित्रांवरून तिथल्या वाटा, घरं, हेलिकॉप्टर उतरू शकेल अशी मोकळी मैदानं काढत होते. प्रदेशाचे चौकोन पाडलेले असत. एकाने चौकोन घ्यायचा, पुरा करायचा, आणि दुसऱ्याने तो तपासायचा. काठमांडू लिव्हिंग लॅब्जच्या तरुणांनी भूकंपाच्या आधीच शहराचा बराच भाग नकाशावर आणला होता. तेवढं काम हाताशी होतं, म्हणून बाहेरच्यांना पुढे जाता आलं. संकटाच्या आधी केलेला नकाशाच संकटात कामी येतो, ही तिची ठाम समजूत तेव्हापासूनची.

मग ती आपल्या मुलखाकडे वळली. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट हा जेओएसएम शिकायला उत्तम धडा आहे. वळणांवर रेषा ओबडधोबड असेल तर ती पुसून नव्याने काढायची नसते. रस्ता निवडायचा आणि डब्ल्यू दाबायचा, की माउसने एकेक बिंदू जागेवर सरकवता येतो आणि लागेल तिथे नवा घालता येतो. जुनी रेषा राहिली की तिच्यावर इतरांनी नोंदवलेली माहिती आणि इतिहासही राहतो. ज्यांनी त्या रस्त्यावर आधी कष्ट केले, त्यांची ही कदर तिला फार महत्त्वाची वाटते.

पण त्याआधी एक तपासणी हवीच. डोंगरउतारावर उपग्रहचित्र कित्येकदा जागेवरून सरकलेलं असतं. सगळेच रस्ते एकाच बाजूला ढळलेले दिसले, तर रस्त्यांना हात लावू नये. लोकांनी प्रत्यक्ष फिरून चढवलेल्या जीपीएसच्या खुणा उतरवून घ्याव्यात आणि त्यांच्याशी जुळेल असं चित्रच सरकवावं. उंच इमारतींचंही असंच. चित्रात त्या कलंडलेल्या दिसतात. छपराची आकृती काढावी, क्यू दाबून कोपरे काटकोनात आणावेत, आणि मग ती आकृती इमारतीच्या पायाशी नेऊन ठेवावी.

रस्ता नदीवरून जातो तिथे मात्र जोडायचं नसतं. वाईचा कृष्णेवरचा पूल घ्या. रस्ता पुलाच्या दोन्ही टोकांना पी दाबून तोडायचा, मधल्या तुकड्याला पूल म्हणायचं आणि त्याचा थर एकने वर घ्यायचा. नदीची रेषा त्याखालून सरळ जाते. सामाईक बिंदू नाही. काढताना कर्सर आपोआप जवळच्या रेषेला चिकटू लागला, तर कंट्रोल दाबून धरावा. आणि नदीचे बाण प्रवाहाच्या दिशेने आहेत ना, हेही पाहावं. उलटे असतील तर आर दाबला की फिरतात. इथे शाळेतल्या बाईंचा नियम शब्दशः लागू आहे.

नवशिक्यांना ती सुरुवातीला अगदी लहान भाग उतरवायला सांगते. मोठा भाग घेतला की काम लांबतं, तेवढ्यात दुसरं कोणी तोच रस्ता बदलतं आणि चढवताना दोघांचे बदल एकमेकांशी भांडतात. शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबले की सॉफ्टवेअर स्वतःच तपासणी करतं: एकावर एक पडलेले बिंदू, अगदी जवळ येऊन न जोडलेले रस्ते, एकमेकांना छेदणाऱ्या इमारती. सुटं राहिलेलं टोक ‘जे’ ही कळ दाबून जवळच्या रस्त्याला जोडता येतं. तरी प्रत्येक इशारा खरा मानू नये. गावात खरोखरच भिंतीपाशी संपणारी गल्ली असते, आणि ती जोडून टाकली तर नकाशा खोटा होतो. तिथे राहणाऱ्याला विचारणं हाच उपाय.

गूगलच्या नकाशावरून नाव उचलू नये, हे ती कडकपणे सांगते. परवान्यात ते बसत नाही. गावची पाटी वाचावी, माणसांना विचारावं, मराठी नाव देवनागरीत वेगळं नोंदवावं. आणि बदल चढवताना शेऱ्यात ‘दुरुस्ती’ एवढंच लिहून मोकळं होऊ नये. ‘पसरणी घाटातली वळणं जीपीएसच्या खुणांवरून सुधारली’ असं लिहिलं, तर दुसऱ्या देशात बसून हा बदल तपासणाऱ्याला कळतं की रेषा का हलली आणि कशाच्या आधारावर.