गाडी तुमचीच कशावरून?

एप्रिलची दुपार. कऱ्हाडहून पुण्याला निघालो होतो, भुईंजच्या अलीकडे एका रसवंतीपाशी थांबलो. आईची जेवायची वेळ झाली होती आणि जेवणाआधी तिला इन्शुलिन घ्यावं लागतं. ती हात धुवायला उतरली. मीही उतरलो, खिटी दाबली, हँडल उचलून धरलं आणि दार लावलं. गाडी बाबांची, 2007 ची, सेंट्रल लॉक नसलेली. त्यामुळे दार लावायची पद्धतही त्यांचीच. किल्ली स्टिअरिंगखाली लटकत राहिली. आईनेही तिच्या बाजूची खिटी दाबली होती. (तिला हे मीच शिकवलंय.)

आत दोन फोन, पाकीट, डबा आणि मागच्या सीटवर इन्शुलिनची निळी पिशवी. वापरातलं पेन साधारण 30 अंशांपर्यंत टिकतं. काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी कुठवर तापते, ते मला आकड्यात काढायचं नव्हतं.

माझी नोकरी लॉगिनची. समोरचा माणूस तोच आहे ना, हे तपासणारा कोड मी लिहितो. 'फोन जवळ नाही?' असं विचारणारी स्क्रीनसुद्धा मी बनवलीय. आता फोन जवळ नव्हता आणि मला कुणाचाच नंबर पाठ नव्हता. बायकोचाही नाही.

आईला बाबांचा पाठ होता. रसवंतीवाल्या दादांनी न विचारता स्वतःचा फोन पुढे केला. दुसरी किल्ली घेऊन बाबा एसटीने दोन-अडीच तासांत पोचले असते. तीनदा पूर्ण रिंग वाजली. त्यांनी उचलला नाही. उचलणारच नव्हते. दिवाळीत एका भामट्याचा फोन येऊन गेला, तेव्हा मी त्यांना बजावलं होतं : अनोळखी नंबर अजिबात उचलायचा नाही.

मी दगड शोधायला लागलो. शेजारचा पंक्चरवाला हे सगळं बघत होता.

"काच फोडून पुण्यापत्तुर जानार? थांबा." मग जागेवरूनच म्हणाला, "पन गाडी तुमचीच कशावरनं?"

आरसी डॅशबोर्डच्या खणात, लायसन्स पाकिटात, दोन्हींच्या प्रती फोनमध्ये. मी तोंड उघडून मिटलं. खरं सांगायचं तर त्याही अवस्थेत मला प्रश्न आवडला.

तो आईकडे वळला. "मावशी, आत काय काय हाय?"

आईने सुरुवात केली. डॅशबोर्डवर गणपती, त्याचा एक कान तुटलाय. डब्यात भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. मागे माझं औषध, निळ्या पिशवीत. सीटखाली याच्या वडिलांच्या चपला, गेल्या वर्षापासून शोधतायत, मी मुद्दाम सांगितलं नाही.

त्याने काचेला कपाळ टेकवून गणपती बघितला. "कान तुटलाय," म्हणाला आणि कामाला लागला.

टायर काढायच्या लोखंडी पट्टीला फडकं गुंडाळून त्याने दाराची वरची कड बोटभर ओढली. मला म्हणाला, धरा. रसवंतीवाल्याच्या खोक्याची प्लॅस्टिकची पॅकिंग पट्टी मधोमध दुमडून फटीतून आत सरकवली आणि मागेपुढे करत तिचा फास खाली नेला. खिटीचं डोकं जाड, मान बारीक. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदाही. माझ्या हातातली पट्टी घामाने घसरत होती आणि आई सावलीत गप्प बसली होती, ते जास्त भीतीदायक होतं. चौथ्यांदा फास मानेत बसला. त्याने दोन्ही टोकं ओढली. टक्.

पिशवीतला बर्फाचा पाऊच अजून थोडा गार होता. पेन वाचलं.

"किती द्यायचे?"

"पंक्चरचं घेतो तेवढं. शंभर." मग दाराच्या रबराकडे बोट दाखवून, "हे बदला. पावसाळ्यात पानी येनार."

आई जेवली. मी दोन ग्लास रस प्यायलो. दादांनी रसाचे पैसे घेतले, फोनचा विषय काढला नाही.

खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर बाबांचा फोन आला. आवाजात शाबासकीची अपेक्षा होती. "अरे, अनोळखी नंबरवरून तीन कॉल आले दुपारी. एकही उचलला नाही."

"तो नंबर सेव्ह करून ठेवा," मी म्हणालो.

"कोणाच्या नावाने?"

नाव मी विचारलंच नव्हतं. "भुईंज रसवंती लिहा," आई मागून ओरडली. "आणि तुमच्या चपला सापडल्यात."