चारुदत्ताचे मित्र

संध्याकाळी उज्जैनमधल्या फ्रीगंजच्या टॉवर चौकात पोरांच्या मोबाइलमधून रॅप वाजत असतं. त्यातली निम्मी गाणी एकच गाऱ्हाणं मांडतात: नाव झालं आणि मित्र खोटे निघाले. माझ्या भाच्याला रॅपर ड्रेकचं ‘फेक लव्ह’ पाठ आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात आलेलं हे गाणं बिलबोर्डच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढलं. खोट्या मित्रांवर गाऊन आणखी नाव झालं, म्हणजे आणखी तसलेच मित्र आले असणार! भाच्याचं अजून कुठेच नाव नाही, पण तोही सुस्कारा टाकतो, “मामा, लाइक सगळे करतात, सगा कुणी नाही.”

पुलापलीकडच्या जुन्या गावाला हे गाऱ्हाणं नवं नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी इथून ग्वाल्हेरला नेली, तेव्हा दरबाराच्या मागे किती मुजरे निघून गेले असतील! त्याच्याही कितीतरी आधी शूद्रकाने आपलं ‘मृच्छकटिक’ नाटक याच उज्जयिनीत घडवलं. देवलांच्या संगीत नाटकामुळे त्याचा नायक चारुदत्त तर मराठी माणसाला घरचाच वाटतो. दानधर्मात त्याची संपत्ती गेली. त्याचं त्याला फारसं दुःख नाही. पैसा गेल्यावर स्नेही सैलावले, हे मात्र सलतं. तरी मला तो रॅपरपेक्षा सुखी वाटतो. कोण आपला, हे त्याला गरिबीने दाखवून तरी दिलं. चलती असलेल्या माणसाला ही सोय नाही. तो सगळ्यांवरच संशय घेत बसतो.

मात्र शूद्रक इथे थांबत नाही, आणि मला तो आवडतो तो यासाठीच. राजाचा मेहुणा शकार, त्याच्या पदरचा विट हा उघडउघड पोटार्थी. आजची पोरं त्याला बेधडक ‘फेक’ म्हणतील. पण शकार चारुदत्ताच्या प्रेयसीला, वसंतसेनेला मारायला सांगतो तेव्हा हाच विट साफ नाही म्हणतो आणि शेवटी त्याला सोडून जातो. उलट मैत्रेय अस्सल मित्र. पूर्वी चारुदत्ताच्या घरी पोटभर गोडधोड खाल्लेला, आता उपाशीपोटी कुरकुरणारा, तरी रोज हजर. वसंतसेनेने चारुदत्ताकडे ठेवलेले दागिने चोरीला गेल्यावर ‘ठेव मिळालीच नव्हती असं सांगू’ हा सल्लाही त्याचाच. चारुदत्त तो मानत नाही. पुढे चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ येतो. तिने चारुदत्ताच्या मुलाला दिलेले दागिने परत करायला निघालेला मैत्रेय वाटेतच न्यायसभेत धावतो, मित्रासाठी शकाराशी हातघाईवर येतो, आणि काखेतले दागिने सगळ्यांदेखत खाली पडतात. आरोपाला पुरावा मिळतो. शत्रूला जे जमलं नसतं ते जिवलगाने केलं.

हे ऐकून भाचा चाटच पडला. “मग चारुदत्ताने त्याला झापलं असेल ना?”

झापलं नाही. मृत्युदंड ऐकल्यावर आपल्या मुलाला, रोहसेनाला सांभाळायला त्याने सांगितलं, ते मैत्रेयालाच.