रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या हाताला काय द्यावं?

छोट्या संस्थांचे हिशेब मी ग्नूकॅशमध्ये ठेवतो आणि लागतील ते रिपोर्टही लिहितो. मुक्त स्रोत प्रकारातलं हे सॉफ्टवेअर 1998 पासून चालत आलेलं आहे. ताळेबंद, नफा-तोटा, तेरीज, येणी-देणी हे सगळं त्यात तयार मिळतं. अडतं ते पुढे. वाचनालयाच्या खजिनदारांना हवं असतं जमा-खर्च पत्रक: एका बाजूला आरंभीची शिल्लक आणि जमा, दुसऱ्या बाजूला खर्च आणि अखेरची शिल्लक. कॅश फ्लो रिपोर्ट जवळपास हीच माहिती देतो, पण वार्षिक सभेपुढे ठेवण्याजोग्या मांडणीत नाही. म्हणजे रिपोर्ट स्वतः लिहायचा, तोही स्कीम या भाषेत.

इथे बहुतेक जण स्कीमच्या कंसांना दोष देतात. मला ते पटत नाही. ग्नूकॅशच्या वह्या पायथनमधूनही वाचता येतात, आणि 2010 च्या 2.4 आवृत्तीपासून त्या एसक्यूलाइटमध्ये ठेवून थेट क्वेरीही चालवता येते. (वाचण्यापुरतीच. क्वेरीने नोंदी बदलायला कधीही जाऊ नये.) भाषा बदलली तरी अडचण जागच्या जागी राहते, कारण ती हिशेबातली आहे.

सभासदाने 500 रुपये वर्गणी बँकेत भरली, तर आत दोन ओळी पडतात: बँक अधिक 500, वर्गणी उणे 500. बेरीज शून्य. रक्कमही अपूर्णांकात असते, अंश 50000 आणि छेद 100, म्हणजे पैशाचीही चूक होत नाही. रचना उत्तमच आहे, पण वर्गणी जशीच्या तशी छापली तर सभेपुढे उणे वर्गणी येते. चिन्ह उलटवायला हवं, तेही सगळ्या खात्यांचं नाही. मग बँकेतून काढून रोख पेटीत ठेवलेले पैसे. ही कॉन्ट्रा नोंद वगळायला विसरलात, तर जमा आणि खर्च दोन्ही सारख्याच रकमेने फुगतात आणि पत्रक तरीही जुळतं! अशी चूक बेरजेत सापडत नाही. वर्गणीतून बँकेने 10 रुपये कापून 490 जमा केले, तर मी 500 जमा आणि 10 खर्च दाखवतो. हा निर्णय हिशेबनिसाचा आहे, प्रोग्रामरचा नव्हे.

म्हणून रिपोर्ट लिहिणाऱ्याला नवी भाषा नको, हिशेबाच्या बोलीतली तयार फंक्शन्स द्या: या तारखेची शिल्लक, या दोन तारखांमधल्या नोंदी, समोरचं खातं, कॉन्ट्रा वगळून. ती एकदाच नीट लिहून, तपासून ठेवली की माझं पत्रक थोडक्या ओळींत मावेल आणि खजिनदारांनाही त्या ओळी वाचून काय चाललंय ते कळेल. मांडणी वेगळी ठेवायची सोय तर आहेच: ईगाइल साच्यांत एचटीएमएलच्या मध्ये स्कीमचे तुकडे बसवता येतात, आणि ग्नूकॅशमधलं एक टॅक्स इन्व्हॉइस तसंच बनलेलं आहे.

सुरुवात नमुना रिपोर्टपासून व्हावी. सोबत येणारा ‘हॅलो वर्ल्ड’ पर्याय कसे मांडायचे आणि मजकूर कसा छापायचा ते शिकवतो. त्याच्या शेजारी एक छोटं, पूर्ण जमा-खर्च पत्रक ठेवावं, कॉन्ट्रा वगळणारी ओळ ठळक टीप लिहून दाखवलेलं.