अंगणातला समुद्र

फुटके भांडे घरात ठेवू नये, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरी ते कोणाकडूनच टाकवत नाही. दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून असे किती तरी ऐवज खाली उतरतात. कान गेलेले कप, एक पाय गमावलेला चिनी मातीचा कुत्रा, प्लास्टरचा पोपट, कोणी तरी कोकणातून आणलेली शिंपल्यांची आरशाची चौकट. सुंदर म्हणायचा धीर होत नाही आणि कुरूप म्हणताना जीव तुटतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत, अड्याळच्या आमच्या अंगणातल्या भिंतीवर, मी या मंडळींचा समुद्र केला. समुद्र आम्हांला पूर्वेलाही दूर, पश्चिमेलाही दूर. पण वैनगंगेचे शिंपले आतून मोत्यासारखे झळकतात आणि तिचे पाणी प्राणहिता-गोदावरीतून शेवटी समुद्रालाच मिळते. नाते लांबचे, पण खोटे नव्हे.

शिंपले धुऊन उन्हात वाळवले. कपबश्या गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडल्या. निळ्या काठांच्या लाटा झाल्या, हिरव्या बांगड्यांचे शेवाळ झाले, गुलाबी फुलांच्या कपांची मासळी झाली. फटींत पांढरे सिमेंट भरून ओल्या फडक्याने पुसले, तेव्हा कुठे पाणी हलल्यासारखे वाटले. कुत्र्यावर मात्र हातोडी उचलेना. तो सील होऊन खडकावर बसला आहे.

हा उद्योग माझ्या एकट्याचा नव्हे. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमधला (१९००–१४) नागमोडी बाक फुटक्या फरश्यांनीच मढवलेला आहे. चंदीगडला नेकचंद या रस्ते-निरीक्षकाने फुटकी चिनी भांडी आणि बांगड्यांचे तुकडे जमवून जंगलात वर्षानुवर्षे गुपचूप एक नगरी उभी केली. ती १९७६ मध्ये लोकांना खुली झाली.

एवढ्या थोरांचे दाखले देऊनही आईने बाबांची बशी दिली नाही. बाबा तीत चहा ओतून पीत. आता तिला आरपार तडा गेला आहे.

"भिंतीवर रोज दिसेल," मी म्हटले.

"कपाटात ते बशी हाये. भिंतीवर तुकडे होतीन," आई म्हणाली. मग जरा थांबून, "मी गेल्यावर लावजो."

लाटांच्या वर तेवढी गोल जागा मी कोरी सोडली आहे. पाहुणे विचारतात, चंद्र राहिला वाटते? मी हो म्हणतो. तो जितका उशिरा उगवेल तितका बरा.