पॅनेलच्या दारातलं ड्रॉइंग

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलच्या भांड्यांचे, पत्र्याचे, प्लास्टिकचे छोटे कारखाने गाळ्यागाळ्यांतून चालतात. अशा मालकाला बारा महिने पगारावर अभियंता ठेवणं परवडत नाही, आणि खरं तर त्याची तेवढी गरजही नसते. प्रेसला नवं कंट्रोल पॅनेल बसवायचं, भट्टीचं तापमान आपोआप राखलं जाईल असं करायचं, म्हणजे दीड-दोन महिन्यांचं काम. मग कंत्राटी अभियंता बोलावला जातो. त्याची निवड होते ती रोजाच्या दरावरून आणि ‘किती दिवसांत चालू करून देता?’ या एकाच प्रश्नावरून. माझा आक्षेप या प्रश्नाला आहे. मशीन चालू होतं तेव्हा काम फार तर अर्ध्यावर आलेलं असतं. अभियंत्यानं शेवटची पिशवी उचलल्यावर, त्याला एकही फोन न करता, ते मशीन रात्रपाळीच्या वायरमनच्या हाती किती दिवस नीट चालतं, यावर त्याची किंमत ठरायला हवी.

हे पारखायला फार मोठी विद्या लागत नाही. पॅनेलचं दार उघडावं. दाराच्या आतल्या अंगाला ड्रॉइंग ठेवायचा कप्पा असतो. तो बहुधा रिकामा असतो, किंवा त्यात असलेलं ड्रॉइंग पॅनेल बनवण्यापूर्वीचं असतं. जागेवर बदललेल्या जोडण्या लाल पेनानं त्यावर चढवल्या आहेत का? प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना फेरूल, म्हणजे नंबराची नळी, आहे का, आणि त्यावरचा नंबर ड्रॉइंगशी जुळतो का? पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, प्रोग्रॅमची प्रत आणि पासवर्ड मालकाच्या कपाटात आहे, की अभियंत्याच्या लॅपटॉपमध्ये? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चाचणीच्या वेळी मारलेले जंपर निघाले आहेत का? पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याखेरीज घाव पडू नये अशी सोय असते, म्हणजे हात डायखाली राहत नाहीत. चाचणीत हे सारखं करायचा कंटाळा येतो, म्हणून एका बटणावर वायरचा तुकडा टाकून ठेवतात. तो काढायचा राहिला तरी प्रेस चालते, उलट जरा भरभर चालते, बिलही मंजूर होतं. पुढे केव्हा तरी कुणाची तरी बोटं जातात.

म्हणून माणूस घेताना प्रमाणपत्रांच्या फायलीपेक्षा त्यानं मागच्या गिऱ्हाइकाला काम सोपवताना दिलेले कागद मागावेत. ते नीट असतील तर बाकी मुलाखत चहापुरती. पण मालकाच्या अंगावरही काही येतंच. ‘झालं’ म्हणजे काय, हे त्यानं आधी लिहून द्यायला हवं. आणि ते त्यालाच ठाऊक नसेल, तर दोन दिवसांचे पैसे मोजून आधी नुसती पाहणी करून घ्यावी. निम्म्या भांडणांचं मूळ इथेच असतं. शेवटचा हप्ता हस्तांतरणाला बांधला तर अभियंता म्हणेल, तो हप्ता कधी हाती येतच नाही. तक्रार खोटी नाही. पण उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु सेवादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करायचं बंधन २००६च्या कायद्यात आहे. त्याहून उशीर झाला तर प्राप्तिकराच्या हिशेबात तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच धरला जाईल, ही तरतूद २०२३-२४पासून लागू आहे. कारखानदाराला उशिराबद्दलच्या व्याजाच्या धमकीपेक्षा त्याच्या सीएचा हा फोन लवकर समजतो.

खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो धंद्यातली मुरलेली माणसं घेतात. पासवर्डच देऊन टाकला तर आपल्याला पुन्हा कोण विचारेल? ड्रॉइंग म्हणजे आपली भाकरी. हा हिशेब पहिल्या वर्षी बरोबर येतो. पण दहा जागी पासवर्ड अडकवून बसलेल्या माणसाचा दिवस त्या दहा जुन्या मशीनच्या किरकोळ फोनांतच जातो, आणि त्या फोनांचं बिल मागायलाही संकोच वाटतो. अडकलेला मालक पैसे देतो खरा, पण पुढचं मशीन दुसऱ्याला देतो. शिवाय या वसाहतींत खरी शिफारस वायरमन करतो. आज या गाळ्यात, उद्या त्या गाळ्यात जाणारा तो माणूस. रात्री कुणाचं ड्रॉइंग कामाला आलं हे तोच जाणतो, आणि नवं काम निघालं की नाव तोच सुचवतो.

आता हीच कसोटी शहराला लावली की वेगळंच चित्र दिसतं. सूर्या प्रकल्पाचं रोजचं ४०३ दशलक्ष लिटर पाणी, त्यातलं २१८ मिरा-भाईंदरचं. त्यासाठी डोंगरातून बोगदे खोदणारे तज्ज्ञ कंत्राटावर घेणं योग्यच. बोगदा पार होतो, माणूस पुढच्या बोगद्याकडे जातो. मेट्रो ९ मार्गाच्या बांधकामाचंही तेच. पण आलेलं पाणी गल्लीगल्लीत फिरवणं हे काम कधी संपत नाही. कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, कोणता डांबराखाली गेला, ही माहिती वर्षानुवर्षं साठत जाते. न संपणाऱ्या कामावर सहा किंवा अकरा महिन्यांच्या नेमणुकीचा माणूस बसवला, तर हस्तांतरण करायचं कुणाकडे?

यावर महापालिकेकडून उत्तर मिळतं, आस्थापना खर्च मर्यादेत ठेवायचा असतो, कायम भरती परवडत नाही. पण त्याच कामाचे पैसे दुसऱ्या लेखाशीर्षातून जातातच, आणि शिकलेला माणूस निघून गेल्याचा खर्च कुठल्याच शीर्षाखाली दिसत नाही. राज्य सरकारनं ६ सप्टेंबर २०२३ला नऊ संस्थांमार्फत ‘अतिकुशल’ ते ‘अकुशल’ अशा चार वर्गांत बाह्यस्रोतातून माणसं घ्यायचा निर्णय काढला आणि ऑक्टोबरमध्ये रद्द केला. वाद आरक्षणाचा आणि खापर कुणावर फोडायचं याचा झाला, काम संपणारं की न संपणारं हे मधल्या मध्ये राहूनच गेलं. न्यायालयाकडूनही कंत्राटी अभियंत्यानं फार आशा धरू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या उमादेवी निकालानं नुसत्या सेवेच्या लांबीवर कायम होण्याचा हक्क नाकारला. २०१६च्या जगजित सिंग निकालानं समान कामाला समान वेतनाचं तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लावलं. म्हणजे पगाराचं भांडण लढता येईल, खुर्चीचं कठीण.

हेच रस्त्याच्या कामातही दिसतं. रस्त्याच्या काँक्रीटचे क्यूब २८व्या दिवशी फोडून ताकद तपासतात. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी असतो काही वर्षांचा. ओतकामाला उभा राहिलेला कंत्राटी अभियंता असतो अकरा महिन्यांचा. तिसऱ्या पावसाळ्यात सांध्याशी भेग पडली की ठेकेदार म्हणतो, खाली कुणी तरी नंतर पाइप टाकला. क्यूबचं रजिस्टर उघडलं जातं. ताकदीचे आकडे असतात, तारीख असते, सही असते. त्या दिवशी साइटवर पाणी किती मिसळलं, पाऊस किती वाजता आला, सांधा केव्हा कापला, हे त्यात नसतं. ते सांगू शकणारा माणूस दुसऱ्याच शहरात, त्याच्या पुढच्या अकरा महिन्यांतल्या चौथ्या महिन्यात असतो.