शेरूची ताटली

लेक पुण्याला शिकायला गेली आणि आमच्या करामातल्या फ्लॅटमध्ये शेरूने जेवण टाकलं. जुलैचा उन्हाळा, उकाड्यात कुत्र्यांची भूक मंदावतेच. पण हा डब्यातलं खाणं नुसतं हुंगायचा. मग मी कांदा-लसणाच्या आमटीत भात कालवून घास भरवू लागले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. कांदा-लसणाने म्हणे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात! रक्त तपासलं, सुदैवाने ठीक निघालं. "ताटली वीस मिनिटं ठेवा, मग उचला. अधेमधे काही नको," ते म्हणाले.

पहिल्या रात्री शेरू उपाशी, मीही. (हे मात्र पोटभर जेवले!) दुसऱ्या संध्याकाळी फरशीवर ताटली सरकल्याचा आवाज आला. मी लेकीला फोन लावला आणि काही न बोलता तो ताटलीजवळ धरला.