वशिला न चालणारा

पूर्ण नाव प्रिटी गुड प्रायव्हसी. ओळखीच्या लोकांत नुसता पीजीपी. पत्करलेलं काम एकच : ईमेल ज्याच्यासाठी लिहिली त्याच्याखेरीज कुणालाही ती वाचता येऊ द्यायची नाही. दिसायला तो रूक्ष आहे. चार ओळींचं पत्र त्याच्या स्वाधीन केलं की पाच आडव्या रेघा, ‘बिगिन पीजीपी मेसेज’ अशी ठळक सुरुवात, पुन्हा पाच रेघा आणि खाली अक्षरं-आकड्यांचा सलग ठोकळा. पत्र आईच्या दुखण्याबद्दल आहे, मोडलेल्या लग्नाबद्दल आहे की नुसती पावसापाण्याची विचारपूस, याचा त्या ठोकळ्यावरून मागमूस लागत नाही. सगळी पत्रं त्याच्याकडे सारखीच जपली जातात.

त्याचा जन्म १९९१ चा, अमेरिकेतला. त्या वर्षी तिथल्या सिनेटपुढे २६६ क्रमांकाचं विधेयक होतं. संपर्कसेवा पुरवणाऱ्यांनी कायदेशीर मागणी आल्यावर सरकारला मूळ मजकूर मिळेल अशी सोय ठेवावी, असा त्यातल्या एका कलमाचा रोख होता. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी राहणारा फिल झिमरमन हा प्रोग्रामर अण्वस्त्रविरोधी चळवळीत वावरलेला होता. सरकारच्या नजरेखाली काम करणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. कलमाचा कायदा होण्याआधी साधन लोकांच्या हातात पडलं पाहिजे, म्हणून तो झपाटल्यासारखा कामाला लागला. घराच्या कर्जाचे पाच हप्ते थकले. जूनमध्ये त्यानं पीजीपी फुकट वाटून टाकला. ते कलम पुढे बारगळलं, पण पीजीपी तोवर घरोघरच्या संगणकांत पोचला होता.

त्याचं घराणं मोठं आहे. गुप्तलेखनाची जुनी अडचण अशी, की मजकूर ज्या किल्लीनं झाकायचा तीच किल्ली वाचणाऱ्याकडे आधी पोचवावी लागे. ती वाटेत कुणाच्या हाती लागली की सगळंच उघडं. १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी यातून वाट दाखवली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती गणितात बसवली. त्याच वाटेनं जाणारा पीजीपी तुम्हाला दोन किल्ल्या घडवून देतो. सार्वजनिक किल्ली म्हणजे उघडी कुलुपं. ती खुशाल गावभर वाटावीत. तुम्हाला लिहिणारा त्यातलं एक लावून पत्र बंद करतो. ते उघडणारी खाजगी किल्ली एकुलती एक, तुमच्या कनवटीला. दोन अवाढव्य मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या हुडकणं आजच्या संगणकांच्याही आवाक्याबाहेर, या एका गोष्टीवर त्या तिघांच्या पद्धतीची सारी मजबुती उभी आहे. २०४८ बिटांची किल्ली म्हणजे ६१७ अंकी संख्या. लांबलचक पत्राला हे गणित जड जातं. म्हणून पीजीपी दर पत्रामागे एक तात्पुरती किल्ली नव्यानं घडवतो, पत्र तिनं बंद करतो आणि सार्वजनिक किल्लीनं तेवढी ती तात्पुरती किल्ली झाकतो.

मला त्याचा सगळ्यात भावणारा गुण म्हणजे त्याच्यापुढे कुणाचा वशिला चालत नाही. आपल्याकडे रेशनकार्डापासून शाळाप्रवेशापर्यंत आतल्या माणसाची ओळख शोधायची सवय खोल रुजलेली आहे. पीजीपीला आतला माणूसच नाही. ईमेल कंपनीच्या सर्व्हरवर पत्र पडून असतं, पण ते उघडायची सोय कंपनीकडे नसते. खुद्द झिमरमनला आणून उभं केलं तरी त्याच्या हाती तो ठोकळाच. धाक घालायचा तर किल्लीच्या धन्यालाच घालावा लागतो. हा नियम धन्यालाही लागू आहे. किल्ली राखणारं परवलीचं वाक्य विसरलात, तर नवं मिळवून देणारा दुवा त्याच्याकडे नाही. ती पत्रं गेली ती गेली. लोक याला निष्ठुरपणा म्हणतात. मी याला सचोटी म्हणतो. विसराळू धन्यासाठी ठेवलेलं मागचं दार चोरालाही उघडतं, आणि पीजीपीनं ते बांधलेलंच नाही.

ओळखीच्या बाबतीतही तो तितकाच काटेकोर. सार्वजनिक किल्लीवर कुणीही कुणाचंही नाव घालू शकतं, म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका, असं तो बजावतो. प्रत्येक किल्लीला ‘फिंगरप्रिंट’ असतो. वर्षानुवर्षं चालत आलेल्या किल्ल्यांत तो चाळीस खुणांचा, चार-चारच्या दहा गटांत लिहिलेला. समोरासमोर बसून किंवा आवाज ओळखीचा असेल तर फोनवर तो वाचून ताडून पाहायचा. जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यासाठी मेळावे भरवले, एकमेकांची ओळखपत्रं तपासली आणि एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या केल्या. मी याला ओळखतो, तो तिला ओळखतो, अशी विश्वासाची साखळी कुठल्याही दप्तराच्या शिक्क्याविना उभी राहिली.

त्याच्यावर बालंटही आलं. त्या काळी अमेरिकी कायद्यानं असं भक्कम गुप्तलेखन युद्धसामग्रीत मोडत होतं आणि पीजीपी तर इंटरनेटवरून देशोदेशी गेला होता. १९९३ मध्ये झिमरमनवर निर्यातबंदी मोडल्याच्या संशयावरून चौकशी बसली. ती तीन वर्षं चालली. तेवढ्यात १९९५ मध्ये एमआयटी प्रेसनं पीजीपीचा अख्खा सोर्स कोड पुस्तकरूपात छापला, कारण छापील पुस्तक परदेशी पाठवायला मुभा होती. जानेवारी १९९६ मध्ये आरोपपत्राविनाच चौकशी बंद झाली. पुढच्या आवृत्तीची छापील पानं युरोपात नेऊन स्वयंसेवकांनी ती स्कॅन केली, चुका निपटल्या आणि प्रोग्राम पुन्हा जिवंत केला.

पुढे त्याच्याच वळणाचा धाकटा भाऊ जर्मनीत वाढला. वेर्नर कोख यानं १९९७ मध्ये हाती घेतलेल्या जीएनयूपीजीची पहिली पक्की आवृत्ती १९९९ मध्ये आली. कोखनं तो वर्षानुवर्षं बहुतांशी एकट्यानं, तुटपुंज्या पैशांत सांभाळला. २०१२च्या अखेरीस, अमेरिकी सरकारची पाळत पुढे उघडकीस आणणारा एडवर्ड स्नोडेन पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांच्या मागे लागला होता तो हीच रीत शिकून घ्या म्हणून. ग्रीनवाल्ड यांच्याकडून ते राहत गेलं. माहितीपटकार लॉरा पॉइट्रस यांना ती येत होती, म्हणून संवाद त्यांच्याशी जुळला. जगाला हादरवणारी बातमी ज्याच्या भरवशावर पहिलं पाऊल टाकत होती, त्या प्रोग्रामचा पोशिंदा तेव्हा आर्थिक ओढाताणीनं काम सोडायच्या विचारात होता. २०१५ मध्ये त्याची ही अवस्था छापून आली आणि मदतीचा ओघ सुरू झाला.

त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तो शिकायला अवघड आहे. १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी बारा जणांना नव्वद मिनिटं देऊन पाहिलं. एक तृतीयांश लोकांनाच पत्र नीट बंद करून सहीसह पाठवता आलं. कुणी कुणाला केव्हा लिहिलं, हे तो लपवू शकत नाही. विषयाची ओळही मूळ रीतीत उघडीच राहते. आणि खाजगी किल्ली चोरीला गेली, तर तिच्यासाठी आलेली जुनी पत्रंही उघडी पडतात. सिग्नलसारखी नवी साधनं किल्ल्या सतत बदलून हा धोका टाळतात. गप्पांसाठी ती बरी. पण एका कंपनीच्या दारात न अडकता वेगवेगळ्या सेवांवरच्या माणसांना जोडणारं पत्र ईमेलच आहे, आणि तिथे भरवशाचा राखणदार हवा तर मी अजून यालाच हाक मारतो.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निवाडा दिला. हक्क कागदावर मिळाला, तरी तो रोजच्या वापरात आपल्यालाच आणावा लागतो. फक्त धोक्यात असलेली माणसंच पत्रं झाकू लागली, तर झाकलेलं पत्र हाच संशयाला पुरावा ठरतो. आपण साध्यासुध्या माणसांनी खुशालीची पत्रंही झाकली, तर एखादा वार्ताहर, एखादी पीडित बाई, एखादा तक्रारदार त्या गर्दीत उठून दिसणार नाही. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये २०२० पासून ही सोय आतच बसवलेली आहे. एका सुट्टीच्या सकाळी किल्ल्या घडवाव्यात, किल्ली रद्द करण्याचा दाखला काढून वेगळा जपून ठेवावा आणि परवलीचं वाक्य पाठ करावं. मग ज्याच्याशी मोकळेपणानं बोलावंसं वाटतं अशा एकाला तरी हे शिकवावं, कारण पीजीपीला एकट्या माणसाच्या काही उपयोगी पडता येत नाही.